देवळालीचे गणितशिक्षक

संशोधन हे विद्यापीठात, मोठ्या पदावर बसूनच करावयाचे असते, अशी आपल्याकडे एक समजूत दृढ झाली आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे आयुष्य ही समजूत खोटी पाडते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि त्यातूनच मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्याची शाळा, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक आणि १९२९ साली बी.एस्सी. पदव्युत्तर शिक्षण झालेच नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शिक्षक होते.

फावल्या वेळात मात्र हा मास्तर संख्यांच्या मागे असे. १११११११११ या नऊ अंकी संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी डेम्लो हे नाव दिले. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा मूळ संख्या हाती येते. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ हा होय. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी वाट चालून सातव्या पायरीला ६१७४ भेटते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

देशातील अनेक विद्वानांनी या कामाला पोरखेळ ठरविले. कापरेकर स्वखर्चाने पुस्तिका छापीत राहिले. निवृत्तिवेतन पुरेना म्हणून शिकवण्या केल्या. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्राच्या हिशेबात ही गुंतवणूक तोट्याचीच ठरेल. पण कापरेकरांचे खरे भांडवल पैसा नव्हते, शाळा सुटल्यानंतरचा स्वतःचा वेळ होता. आणि नेमका तोच आज आपण शिक्षकांकडून हिरावून घेत आहोत. खानेसुमारी, मतदारयाद्या, माहितीचे तक्ते यांत तो संपून जातो. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पासलीसारख्या गावी शिकविणाऱ्यालाही ६१७४ पाशी पोहोचावयास खडू आणि फळा पुरेसा आहे. त्याला विसावा मिळू द्यावा; कापरेकरांचे स्मारक याहून वेगळे नको.