कर्मवीर दादासाहेब गायकवाड

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावयाचे ठरले, तेव्हा जिजाऊसाहेब, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे भराभर वाटली गेली. माझी पाळी आल्यावर मी दादासाहेब गायकवाडांचे नाव सांगितले. त्यावर एकदोघींनी बडोद्याचे का म्हणून विचारले. भगिनींनो, बडोद्याचे नव्हेत, आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा लिहिण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

दादासाहेबांची ओळख मला पुस्तकातून झाली नाही, आमच्या आजेसासूबाईंकडून झाली. त्यांचे माहेर दिंडोरी तालुक्यातले आणि दादासाहेबांचा जन्मही त्याच तालुक्यातल्या आंबे गावचा, १५ ऑक्टोबर १९०२ चा. त्यामुळे त्या दादासाहेबांना नेहमी माहेरचा माणूस म्हणत. मी नवी नवरी असताना दुपारी तांदूळ निवडीत बसले की त्या सांगावयाच्या आणि मी ऐकावयाची. पुढे मुलीने ग्रंथालयातून पुस्तके आणून दिली, तेव्हा सालवार सगळे जुळवता आले.

त्यांचे पूर्ण नाव भाऊराव कृष्णराव गायकवाड. घर साध्या शेतकऱ्याचे, जात अस्पृश्य मानलेली. तरुणपणीच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याकडे ओढले गेले. त्या काळाची एक गोष्ट आपल्या गावाशी निगडित आहे व ती पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. १९२८ साली आपल्या त्र्यंबकला अस्पृश्य समाजाची सभा भरली होती. संत चोखोबांचे देऊळ येथे बांधावे असा विचार होता. निवृत्तिनाथांच्या समाधीचे हे गाव, तेव्हा चोखोबांची आठवण येथे असावी असे कोणाला वाटले तर नवल नाही. बाबासाहेब त्या सभेला आले. नवे देऊळ उभारण्यापेक्षा अस्पृश्यता घालविणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, असे त्यांनी लोकांना पटवून दिले. देऊळ झाले नाही. दोनच वर्षांनी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला व त्याचे चिटणीसपद भाऊरावांकडे आले. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

२ मार्च १९३० रोजी नाशकात मोठी मिरवणूक निघाली. तीत सुमारे पाचशे बायका होत्या. देवळाचे दरवाजे बंद केलेले, म्हणून मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी चारी दरवाजांपुढे सत्याग्रही जाऊन बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका होत्या. घरदार सोडून, डोक्यावर पदर घेऊन त्या पंचवीस जणी उन्हात दगडी पायऱ्यांपाशी बसल्या असतील, हे मी काळाराम मंदिरात जाते तेव्हा हटकून मनात येते. त्यांच्या स्वयंपाकाचे कोणी पाहिले असेल, मुलांना कोणाकडे ठेवले असेल, हे पुस्तकात लिहिलेले नसते. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसे जखमी झाली, तरी सत्याग्रह मोडला नाही, पुढे कित्येक वर्षे चालला. बाबासाहेब मुंबईत किंवा विलायतेत असत. नाशकात राहून माणसे जमविणे, पैशाचा हिशेब ठेवणे, तुरुंगात गेलेल्यांची विचारपूस करणे हे सारे भाऊरावांच्या अंगावर. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे छापून प्रसिद्ध झाली आहेत. १९३४ च्या मार्चमध्ये सत्याग्रह थांबवावा असे बाबासाहेबांनी त्यांना पत्रानेच कळविले. देवळे सर्वांना खुली करण्याचा कायदा १९४७ साली झाला, तोपर्यंत ती पंचवीस बायकांतली किती जणी हयात होत्या कोण जाणे.

पुढची वर्षे भराभर सांगते. १९३५ साली आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात गेले. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, त्यालाच आमच्याकडची जुनी माणसे शेकाफे म्हणत. १९५६ साली बाबासाहेब गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. निशाणी हत्ती. आजेसासूबाईंना अक्षर ओळखू येत नसे, पण हत्तीवर शिक्का मारावयाचा एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

हा पक्ष साऱ्या देशाचा होता, पण त्याचे खरे बळ आपल्या महाराष्ट्रातल्या शाखेत होते आणि नेमकी तीच शाखा दोन वर्षांच्या आत दुभंगली. याविषयी मला थोडे सविस्तर लिहावयाचे आहे. एका बाजूला श्री. बी. सी. कांबळे, वकील, शिकलेसवरलेले. त्यांचे म्हणणे, पक्षाने घटनेच्या व कायद्याच्या मार्गाने चालावे. दुसऱ्या बाजूला दादासाहेब, धोतर नेसणारे, खेड्यापाड्यांत फिरणारे. भूमिहीनांना जमीन मिळवून दिल्याशिवाय नुसत्या कायद्याने पोट भरत नाही, हा त्यांचा आग्रह. पहिला गट स्वतःला दुरुस्त म्हणवू लागला, तेव्हा साहजिकच दुसरा नादुरुस्त ठरला! शिकलेल्या तरुणांना दादासाहेबांची राहणी आणि मोर्चे गावंढळ वाटत. कांबळे यांची विद्वत्ता मोठी होती व त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते, हे मी मान्य करते. परंतु धोतरावरून माणसाची पायरी ठरविली गेली, तेव्हा ती त्या माणसाबरोबर आमच्या आजेसासूबाईंचीही ठरविली गेली असे मला वाटते. मंडळाच्या सभेत मी स्वतः कितीदा तोंडाशी आलेले बोलणे गिळले आहे, ते केवळ सातवीच्या भीतीने.

१९५९ साली दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. त्याहून मोठा सत्याग्रह ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, कसणाऱ्याला जमीन मिळावी, धान्य स्वस्त व्हावे, बाबासाहेबांची तसबीर संसदेत लावावी अशा मागण्या होत्या. दोन महिन्यांत देशभर तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. आमच्या आजेसासूबाई त्यांतल्याच. दोन वर्षांचा मुलगा सासूच्या ओटीत घातला, फडक्यात भाकरी-चटणी बांधली आणि गावच्या सहा बायकांबरोबर चालत निघाल्या. पकडतील याची भीती नव्हती, पण मूल रडेल म्हणून मागे वळून पाहिले नाही, असे त्या सांगत. तुरुंगात जागा पुरेना, थंडीत एका घोंगडीत तिघी निजत. सुटून आल्या तेव्हा मुलगा ओळखेना, चार दिवस जवळ येईना. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलत असे.

जमीन त्यांना मिळाली नाही. पुष्कळ गावांत गायरानाचे तुकडे लोकांच्या नावावर झाले, आमच्या घरच्यांच्या वाट्याला काही आले नाही. बाबासाहेबांची तसबीर संसदेत लागली ती १९९० साली. त्या दिवशी त्यांनी आळीत गूळ वाटला.

दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. ज्यांच्याशी जन्मभर झगडलो त्यांच्याच मांडीला मांडी लावून कसे बसावयाचे, असे अनेकांना वाटले आणि पक्षाचे आणखी तुकडे पडत गेले. माझी मुलगी कॉलेजात आहे. एवढा मोठा माणूस होता तर पक्ष एक का ठेवता आला नाही, निवडणूक आली की एकाच पक्षाचे इतके झेंडे का दिसतात, असे ती मला विचारते. याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आजेसासूबाईंना विचारले असता त्या गप्प बसत आणि सूप हातात घेत.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब वारले.

आता थोडे घरचे. सरकारने २००४ साली त्यांच्या नावाने कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते आणि विधवा व परित्यक्ता बायकांना त्यात अग्रक्रम असतो. माझी धाकटी जाऊ चार वर्षांपूर्वी विधवा झाली. ती दुसऱ्याच्या शेतात भात लावावयाला जाते. तिचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला, दाखले जोडले. कागदात खोट नाही, खोट जमिनीत आहे. सरकार जमीन विकत घेऊन देते, पण ठरलेल्या भावात विकणारा भेटावा लागतो. आपल्या तालुक्यातली पुष्कळशी जमीन आदिवासी बांधवांची. ती इतरांना सहजी घेता येत नाही, आणि येऊही नये. राहिलेल्या जमिनीचे भाव नाशिक जवळ असल्यामुळे आकाशाला भिडले आहेत. तीन वर्षे खेपा घालीत आहोत. दर वेळी जमीन तुम्हीच शोधून आणा असे उत्तर मिळते.

म्हणून लेखाबरोबर एक विनंती करते. कोणा भगिनीच्या माहेरी किंवा नात्यात, दिंडोरी, पेठ, सिन्नर, कोणत्याही बाजूला, चार एकर जिरायत रास्त भावात द्यावयाची असेल तर मंडळाच्या चिटणीसबाईंकडे निरोप ठेवावा. पाणी नसले तरी चालेल.