रसिकांचीच चित्रं काढणारा चित्रकार : ऑनोरे दोमिए

आपल्या मिरजेत १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८०८ रोजी, फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात ऑनोरे दोमिएचा जन्म झाला. पुढे छापील चित्रांनीच त्याने राजालाही धारेवर धरलं आणि रसिकांनाही.

वडील खिडक्यांना काचा बसवायचे. कवी व्हायच्या ध्यासाने ते पॅरिसला आले. घरात ओढाताण, म्हणून ऑनोरे लहानपणीच कोर्टाच्या बेलिफाकडे आणि मग पुस्तकाच्या दुकानात कामाला लागला. नंतर तो शिळाछाप शिकला. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा. मग शाई फक्त तेलकट रेघांनाच धरते. एका दगडावरून भरपूर प्रती निघतात, बरं का!

१८३१ मध्ये त्याने राजा लुई फिलिप जनतेचा पैसा गिळतोय असं चित्र काढलं आणि सहा महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली. १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर बंधन आलं, तेव्हा त्याचा खडू समाजाकडे वळला. ‘शारिवारी’ या दैनिकात वकील आले, घरमालक आले आणि ‘सालोन’ या मोठ्या चित्रप्रदर्शनातले प्रेक्षकही आले. कला बुडाली म्हणून हळहळणारे जुने रसिक, व्हीनसची चित्रं पाहून कंटाळलेल्या बायका, वजनदार समीक्षक दिसताच अदबीने टोप्या काढणारे चित्रकार! भिंतीवरच्या चित्रापेक्षा समोरच्या माणसांचीच गंमत जास्त.

दोमिएने अशी सुमारे ४,००० शिळाचित्रं केली. पण तो तैलचित्रंही काढायचा, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या चित्रांचं मोठं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं ते थेट १८७८ मध्ये. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो वारला. लोक कसं पाहतात हे जन्मभर दाखवणाऱ्या माणसाकडेच लोकांनी नीट पाहिलं नव्हतं.

आपल्या शाळेतही चित्रकलेचं प्रदर्शन भरतं. आपण आपल्या मुलाचं चित्र शोधतो, नंबर विचारतो, फोटो काढतो आणि निघतो. दोमिए तिथे असता तर त्याने आपलंच चित्र काढलं असतं! यंदा एका तरी चित्रासमोर मुलांबरोबर थांबूया आणि त्यांना विचारूया, यात तुला काय दिसतंय?