रिचर्ड ॲलन
रिचर्ड जेम्स ॲलन (जन्म: ४ जून १९०२, नागपूर) हे ब्रिटिशकालीन भारताच्या हॉकी संघाचे गोलरक्षक होते. संघाच्या पहिल्या तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांत त्यांचा वाटा होता.

१९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले; ॲलन यांनी एकही होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सचा ३-० असा पराभव झाला. १९३२ मध्ये लॉस एंजेलस येथे अमेरिकेविरुद्धच्या २४-१ अशा विजयात त्यांच्यावर पहिला ऑलिंपिक गोल झाला. त्या वेळी ते प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, अशी आख्यायिका आहे. १९३६ मध्ये बर्लिनच्या अंतिम सामन्यात ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. जर्मनीचा हा गोल धरून तीन ऑलिंपिक स्पर्धांत ॲलन यांच्यावर केवळ दोन गोल झाले.