मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म : १५ सप्टेंबर १८६०, काही नोंदींनुसार १८६१, मृत्यू : एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंते, प्रशासक व म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. धरणांचे शिल्पकार म्हणून ते सर्वपरिचित आहेत. तथापि त्यांच्या सेवेचा मोठा भाग शहरांचा पाणीपुरवठा, सांडपाणी व पूरनियंत्रण या प्रश्नांत खर्ची पडला. शहरात किती पाणी येईल आणि ते वाहून नेण्यास किती क्षमता लागेल, याचे गणित आधी मांडून मग बांधकाम करावे, ही त्यांची कार्यपद्धती होती.

बालपण व शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिक्कबल्लापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. त्यांचे निधन विश्वेश्वरय्यांच्या बालपणीच झाले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेतल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (सध्याचे अभियांत्रिकी विद्यापीठ) दाखल झाले. १८८३ साली ते स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

मुंबई इलाख्यातील सेवा

१८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक व खानदेशात त्यांनी आरंभीची कामे केली. धुळ्याजवळ ऐन पावसाळ्यात पांझरा नदीत पाणी वाहून नेणारी नलिका बसविण्याचे अवघड काम त्यांनी तडीस नेले. पुढे सिंधमधील सक्कर शहराला त्यांनी सिंधू नदीचे पाणी पुरविले. गढूळ पाणी शुद्ध करण्यासाठी नदीपात्रातील वाळूचाच गाळणीसारखा उपयोग त्यांनी केला.

पुण्याजवळच्या खडकवासला तलावावर १९०३ मध्ये त्यांनी स्वतः आखलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. पूर ठरावीक पातळीवर पोहोचताच हे दरवाजे आपोआप उघडत व ओसरताच बंद होत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे ८ फूट उंच ठेवता आली.

आरोग्य अभियंता

१९०४ मध्ये मुंबई सरकारने त्यांची आरोग्य अभियंता म्हणून नेमणूक केली. त्या काळी प्लेग व पटकीच्या साथींनी इलाखा हैराण झाला होता. बहुतेक गावांत मैला डोक्यावरून वा गाड्यांतून वाहिला जाई आणि सांडपाणी उघड्या गटारांतून जवळच्या नदीनाल्यात सोडले जाई. नळयोजना आल्यावर घरोघरी पाणी वाढले, पण ते बाहेर काढण्याची सोय मागेच राहिली. पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांची आखणी एकत्र करणे म्हणूनच अगत्याचे ठरले. १९०६ च्या सुमारास सरकारने त्यांना एडन येथे पाठविले. त्या रुक्ष बंदरासाठीही त्यांनी पाणीपुरवठा व सांडपाणी या दोन्हींच्या योजना सुचविल्या.

हैदराबादचा पूर

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हजारो लोकांचा बळी घेतला. मुंबई सरकारच्या सेवेतून बाहेर पडून परदेश प्रवासास गेलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने पाचारण केले व १९०९ मध्ये त्यांनी काम हाती घेतले. शहराच्या वरच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ तलाव होते, त्यांपैकी २२१ फुटले होते. पुराचा उच्चतम प्रवाह सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफूट असल्याचा हिशेब त्यांनी मांडला. एवढे पाणी शहरातील नदीपात्रातून सुखरूप जाणे अशक्य होते. म्हणून केवळ काठाच्या भिंती उंचावण्याऐवजी शहराच्या वरच बांध घालून पूर अडवावा, असे त्यांनी सुचविले. त्यातून मुसीवर उस्मान सागर (१९२०) व तिची उपनदी ईसीवर हिमायत सागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले.

भुयारी गटार योजना

पूरनियंत्रणाबरोबरच विश्वेश्वरय्यांनी हैदराबादसाठी भुयारी गटारांची योजनाही मांडली. अशा योजनेत आजच्या नव्हे, तर काही दशकांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज घ्यावा लागतो. दरडोई पाणीपुरवठ्यावरून सांडपाण्याचे प्रमाण काढतात. सकाळच्या वेळी प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट होतो, तोही धरावा लागतो. नलिका लहान पडली तर मैलापाणी रस्त्यावर येते. ती फार मोठी व कमी उताराची केली तर प्रवाह मंदावून गाळ साचतो. पावसाचे पाणी त्याच नलिकेत घ्यावे की वेगळे न्यावे, हा प्रश्न मोसमी पावसाच्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा असतो.

गटारांचे काम रेंगाळल्याने १९२२ व १९३० मध्ये त्यांना पुन्हा सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. १९३१ च्या सुमारास आकारास आलेली ही व्यवस्था सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र व ४ लाख ६८ हजार लोकसंख्या गृहीत धरून आखलेली होती. पुढे शहर या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे वाढले, जुन्या नलिकांवर ताण आला आणि सांडपाणी मुसीत मिसळू लागले. क्षमतेचा अंदाज एकदाच करून भागत नाही, शहराबरोबर तो पुन्हापुन्हा तपासावा लागतो, हे हैदराबादच्या उदाहरणावरून दिसून येते.

म्हैसूर संस्थान व उत्तरायुष्य

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानाचे दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३) व म्हैसूर विद्यापीठ (१९१६) यांची स्थापना याच काळात झाली. निवृत्तीनंतर त्यांनी भद्रावती येथील लोखंड कारखान्याची धुरा सांभाळली. भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सन्मान

१९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. १९५५ मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न देऊन गौरविले. बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून साजरा होतो.