मोडक्या हाताची नोंद ठेवणारे शल्यवैद्य : जोव्हानी बात्तिस्ता मोंतेज्जा

थोरामोठ्यांची चरित्रे म्हटली की राजे, संत, समाजसुधारक आणि स्वातंत्र्यसैनिक आपल्या डोळ्यांसमोर येतात. या वेळी थोड्या वेगळ्या माणसाची ओळख करून देत आहे. हा माणूस इटलीचा आणि वारून दोनशे वर्षे उलटली आहेत. तरीही हाडांच्या दवाखान्यात त्याचे नाव आजही घेतले जाते. कोपराखालचे हाड मोडून शेजारचे हाड कोपरातून निखळले तर त्या दुखापतीला डॉक्टर मंडळी 'मॉन्टेजिया फ्रॅक्चर' म्हणतात. ते नाव या मोंतेज्जांवरून आले. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस आहे. पण ज्यांचे हातावर पोट आहे अशी माणसे आपल्या गावात घरोघरी आहेत, म्हणून हे चरित्र सांगावेसे वाटले.

जोव्हानी बात्तिस्ता मोंतेज्जा यांचा जन्म ८ ऑगस्ट १७६२ रोजी उत्तर इटलीत, माज्जोरे सरोवराच्या काठी असलेल्या लावेनो या गावी झाला. पानिपतची लढाई होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि पुण्यात थोरले माधवराव पेशवे गादीवर होते. वयाच्या सतराव्या वर्षी, १७७९ मध्ये, ते मिलान शहरातील ओस्पेदाले माज्जोरे या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकायला दाखल झाले. हे रुग्णालय १४५६ मध्ये मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने उभारले होते. विद्यार्थी म्हणून आत आलेले मोंतेज्जा पुढे आयुष्यभर तिथेच राहिले.

सुरुवातीला त्यांचा ओढा विकृतिशास्त्राकडे होता. माणूस कोणत्या रोगाने गेला आणि त्या रोगाने शरीरात काय बिघाड केला, हे मृतदेह तपासून ठरवायचे असे ते काम. तेव्हा हातमोजे नव्हते आणि जंतूंचे ज्ञानही नव्हते. असेच एकदा शवविच्छेदन करताना त्यांच्या हाताला जखम झाली आणि त्यातून त्यांना उपदंशाची लागण झाली. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १७९० मध्ये ते रुग्णालयात साहाय्यक शल्यवैद्य झाले. तुरुंगातील कैद्यांवरही ते उपचार करीत. १७९५ मध्ये शरीररचना आणि शस्त्रक्रिया या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्यांच्या हयातीत मिलानवरची राजवट अनेकदा बदलली. आधी ऑस्ट्रियाचा अंमल होता. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच फौजा शहरात शिरल्या आणि १८१४ मध्ये ऑस्ट्रिया परत आला. राज्ये आली नि गेली, पण रुग्णालयातील खाटा रिकाम्या राहिल्या नाहीत. मोंतेज्जा रोग्यांना तपासत राहिले, विद्यार्थ्यांना शिकवत राहिले आणि जे दिसले ते लिहीत राहिले. त्यातूनच शस्त्रक्रियेवरील त्यांचा अनेक खंडांचा ग्रंथ तयार झाला. तो १८०२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि दहा-अकरा वर्षांनी त्याची वाढवलेली आवृत्ती निघू लागली.

याच आवृत्तीच्या १८१४ सालच्या खंडात त्यांनी एका मुलीची हकिगत लिहिली. ती पडली होती आणि तिचा हात कोपराखाली सुजला होता. मोंतेज्जांनी तपासून अल्ना, म्हणजे करंगळीच्या बाजूचे हाड, वरच्या भागात मोडल्याचे निदान केले आणि हात बांधला. महिन्याने पट्टी सोडली. मुलीने हात सरळ केला की कोपरापाशी एक टणक उंचवटा पुढे येई. दाबला तर आत जाई आणि हात सरळ करताच पुन्हा बाहेर येई. ते होते रेडियसचे, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, वरचे टोक. ते निखळलेले होते आणि पहिल्या दिवशी लक्षात आले नव्हते. मोंतेज्जांनी पुन्हा बांधून पाहिले, पण हाड जागेवर राहिले नाही. एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला ही हकिगत गाळता आली असती. त्यांनी ती आपल्या अपयशासह ग्रंथात नोंदवली, म्हणजे पुढचा वैद्य तरी फसणार नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८१५ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते वारले.

आता यात अवघड काय, ते पाहू. मांडवाला लावतो त्या शिडीच्या दोन दांड्या दोन्ही टोकांना घट्ट बांधलेल्या असतात. एक दांडी मधेच मोडून आखूड झाली, तर दुसरी टोकाच्या बांधणीतून निसटते. कोपर ते मनगट या भागातील दोन हाडांचे तसेच आहे. मोडलेले हाड वेदनेमुळे लगेच ध्यानात येते, निसटलेले सुजेत लपते. मोंतेज्जांकडे एक्स-रे नव्हता. राँटगेन यांना त्या किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला, म्हणजे मोंतेज्जांच्या नोंदीनंतर ८१ वर्षांनी.

त्यांनी लावलेले रोप पुढे वाढले. इटलीच्याच गालेआत्सी यांनी १९३४ मध्ये याची उलट बाजू मांडली : रेडियस खाली मोडते आणि मनगटाजवळचा सांधा निखळतो. उरुग्वेचे डॉ. बादो यांनी १९६७ मध्ये मोंतेज्जांच्या दुखापतीचे चार प्रकार पाडले आणि ते आजही शिकवले जातात. लहान मुलांत हाड नीट बसवून प्लास्टर घातले की बहुधा भागते. मोठ्या माणसांत स्नायूंच्या ओढीमुळे हाड सरकते, म्हणून शस्त्रक्रिया करून अल्ना पट्टी आणि स्क्रूंनी मूळ लांबीत बसवावी लागते. ती नेमकी बसली की निखळलेले रेडियस बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते. या दोन हाडांसाठी आपल्याकडे डॉ. तळवलकर यांच्या नावाची चौकोनी सळीही वापरात आली. सळी चौकोनी असल्याने हाड आतल्या आत फिरत नाही. एका मराठी शल्यविशारदाचे नाव या कामात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

वाचकहो, तालमीत, गाडीवरून किंवा शिडीवरून पडून हात दुखावला की आजही काही घरांत आधी हाड बसवणाऱ्याकडे धाव घेतली जाते. बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या जातात, तेल लावून चोळले जाते. घट्ट बांधण्याने रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. मग बोटे कायमची आखडतात. कोपर चोळल्याने स्नायूत हाड धरते आणि सांधा अडकतो. निखळलेले कोपर तीन आठवडे तसेच राहिले तर शस्त्रक्रियेशिवाय ते जागेवर आणणे अवघड होते.

म्हणून हात मोडला तर तो झोळीत ठेवून, अंगठ्या आणि बांगड्या लगेच काढून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कंग्राळीहून बेळगाव काही लांब नाही. एक्स-रेत कोपर आणि मनगट दोन्ही आले आहेत ना, हे डॉक्टरांना अदबीने विचारावे. बांधल्यावर वेदना वाढली, बोटे बधिर झाली किंवा सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता परत जावे.

मिलानच्या त्या मुलीचा हात मोंतेज्जांना पूर्ववत करता आला नाही. पण त्यांनी तो प्रसंग लिहून ठेवल्यामुळे पुढे जगभरच्या कितीतरी माणसांचे हात वाचले. विद्येच्या देवतेच्या या उत्सवात अशा प्रामाणिक विद्यावंताचे स्मरण करणे उचितच आहे. गणपती बाप्पा मोरया!