रिग्ली फील्डचा रिग्ली

मंडळी, शिकागोला पाहुणे आले की आपण त्यांना रिग्ली फील्ड दाखवतोच. बेसबॉल कळो न कळो, भिंतीवरच्या वेलींसमोर फोटो हवाच! पण हा रिग्ली कोण? खेळाडू? नव्हे, च्युइंगमवाला.

विल्यम रिग्ली १८६१ साली फिलाडेल्फियात जन्मला. महाउपद्व्यापी पोरगा. शाळेने काढून टाकले म्हणून वडिलांनी आपल्या साबणाच्या कारखान्यात लावला आणि तेराव्या वर्षीच तो साबण विकत गावोगाव फिरू लागला. १८९१ मध्ये शिकागोला आला तेव्हा खिशात ३२ डॉलर्स होते म्हणे.

साबणावर तो बेकिंग पावडर फुकट देई. लोकांना पावडरच आवडली, म्हणून साबण सोडून तो पावडर विकू लागला आणि तिच्यावर च्युइंगम फुकट! मग च्युइंगमलाच मागणी आली. (चमचा फुकट मिळतो म्हणून चहाचा पुडा घेणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.) १८९३ साली जूसी फ्रूट आणि स्पिअरमिंट बाजारात आले. १९०७ च्या मंदीत सगळ्यांनी जाहिराती आवरल्या, तर या गृहस्थाने कर्ज काढून त्या वाढवल्या. १९१५ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीतल्या सुमारे १५ लाख पत्त्यांवर च्युइंगम फुकट धाडले.

१९१६ साली त्याने कब्ज संघात थोडा हिस्सा घेतला आणि पाच-सहा वर्षांत संघ जवळजवळ त्याचाच झाला. मैदान बांधले होते चार्ल्स वीगमन या उपाहारगृहवाल्याने, १९१४ मध्ये, आणि तेव्हा नावही त्याचेच होते. १९२० पासून ते कब्ज पार्क झाले आणि १९२६ मध्ये रिग्ली फील्ड. आपलेच मैदान, आपलेच नाव. पैसे कोणी कोणाला द्यायचे? रेडिओवर सामने ऐकवले तर तिकिटे कोण घेणार, अशी इतर मालकांना धास्ती. याने मात्र रेडिओवाल्यांना दारे मोकळी केली, आणि १९२७ साली एका मोसमात दहा लाखांवर प्रेक्षक आणणारा कब्ज हा नॅशनल लीगमधला पहिला संघ ठरला.

विजेतेपद मात्र हुकले. १९२९ ची वर्ल्ड सिरीज कब्ज हरले, तीही त्याच्या जन्मगावच्या फिलाडेल्फियाच्या संघाकडून. जानेवारी १९३२ मध्ये तो गेला.

नावाचा रीतसर सौदा बराच नंतरचा. १९७३ साली बफेलोत रिच कंपनीने २५ वर्षांसाठी १५ लाख डॉलर्स मोजले. आपल्याच गावच्या साउथ साइडला कॉमिस्की हे जुन्या मालकाचे नाव २००३ मध्ये ६ कोटी ८० लाखांना गेले आणि त्यानंतर पाटी आणखी दोनदा बदलली. कॉमिस्कीनेही संघ उभा केला होताच की! मला तरी ते खटकले.

रिग्ली घराण्याने १९८१ मध्ये संघ विकला, २००८ साली कंपनीही मार्सकडे गेली. मैदानाच्या दारावरची लाल पाटी मात्र अजून त्याच्याच नावाची आहे.