रॉबर्ट बॉश: ठिणगीची वेळ साधणारा माणूस

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायला हवी? पिस्टन वर पोचायच्या जरा आधी, कारण इंधन पेटायलाही वेळ लागतो. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोकतं, उशिरा पडली तर ताकद वाया जाते. आज हा हिशोब ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो. पण हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे, आणि तो सोडवण्यात ज्याचं नाव झालं तो माणूस म्हणजे रॉबर्ट बॉश.

खानावळवाल्याचा मुलगा

बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीतल्या उल्मजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत तो अकरावा. वडील शेती करायचे आणि खानावळ चालवायचे. बॉशकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. उल्ममध्ये तो बारीक यंत्रकाम शिकला, मग गावोगावच्या वर्कशॉपमध्ये राबला. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीत आणि इंग्लंडमध्ये सीमेन्सकडेही त्याने काम केलं. १५ नोव्हेंबर १८८६ ला, वयाच्या पंचविशीत, त्याने स्टुटगार्टमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप उघडलं. टेलिफोन, विजेच्या घंटा, मिळेल ते काम घ्यायचं. सुरुवातीची वर्षं ओढाताणीचीच होती.

पहिला मोठा बग

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडून मॅग्नेटो बनवून घेतला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या मदतीने ठिणगी तयार करणारं यंत्र, बॅटरीची गरज नाही. एका जागी बसवलेल्या संथ इंजिनांवर तो छान चालायचा. १८९७ मध्ये तोच मॅग्नेटो एका तीनचाकी मोटारगाडीवर बसवायचं काम आलं आणि गाडं अडलं. गाडीचं इंजिन मिनिटाला १८०० फेरे मारायचं. मॅग्नेटोचा जड आर्मेचर तेवढ्या वेगाने हलूच शकत नव्हता.

उपाय सुचला बॉशच्या हाताखालच्या आर्नोल्ड त्सेरिंगरला. जड भाग स्थिर ठेवायचा आणि त्याच्याभोवती फक्त एक हलकी धातूची नळी हलवायची. प्रॉब्लेम सुटला! पुढे १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्डने हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगची जोडी तयार केली आणि कंपनीची गाडी सुसाट सुटली. बॉशचं मोठेपण यात आहे की त्याने चांगली माणसं निवडली आणि त्यांना मोकळं सोडलं.

मालक म्हणून

१९०६ मध्ये बॉशने कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. तरी १९१३ मध्ये त्याच्याकडेही संप झालाच. पहिल्या महायुद्धात परदेशातली मालमत्ता गेली. १९२१ मध्ये त्याचा मुलगा आजारपणात वारला. १९२७ मध्ये कंपनीचा डिझेल इंजेक्शन पंप बाजारात आला. आता ठिणगीच्या जागी इंधनाचा थेंब आला, पण प्रश्न तोच: किती आणि कधी?

हिटलरच्या राजवटीत बॉशने छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी कार्ल गोर्डेलरला सल्लागार म्हणून आधार दिला. पण त्याच कंपनीने युद्धासाठी माल बनवला आणि हजारो लोकांना सक्तीने राबवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १२ मार्च १९४२ ला बॉश वारला.

दांडीपासून लॅपटॉपपर्यंत

जुन्या अनेक गाड्यांत ठिणगी आधी की उशिरा, हे ड्रायव्हर स्टीअरिंगजवळच्या दांडीने ठरवायचा. १९७९ मध्ये बॉश कंपनीच्या मोट्रॉनिकने इग्निशन आणि इंजेक्शन एकाच मायक्रोप्रोसेसरच्या हाती दिलं. दांडीच्या जागी आकड्यांचे तक्ते आले. अमुक आरपीएम, अमुक लोड, तर ठिणगी इतके अंश आधी.

हे आकडे बसवणं म्हणजे कॅलिब्रेशन. मोबाईल ॲप डीबग करताना आपण ब्रेकपॉइंट लावून प्रोग्राम थांबवतो. चालत्या इंजिनात तसं थांबून कसं चालेल? म्हणून इंका सारखी टूल्स वापरतात. ते बनवणारी इटास कंपनी १९९४ पासून बॉश समूहातच आहे. लॅपटॉप ईसीयूला जोडायचा, ए-टू-एल फाइल द्यायची. कुठला व्हेरिएबल मेमरीत कुठे आहे आणि त्याचं एकक काय, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मग इंजिन चालू असतानाच व्हॅल्यू बघायच्या आणि बदलायच्या. बऱ्याचदा सॉफ्टवेअर तेच राहतं, आकडे बदलले की गाडीचा स्वभाव बदलतो.

आणि इथेच खरी जबाबदारी आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्यात टेस्टच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, असं इंजिनाचं वागणं सॉफ्टवेअरनेच ठरवलं होतं. डिझेल इंजिनांच्या अशा प्रकरणांत देखरेखीत हलगर्जी केली म्हणून २०१९ मध्ये बॉश कंपनीलाही ९ कोटी युरोंचा दंड झाला. टूल आकडा बदलून देतं. तो बदलावा की नाही, हे टूल सांगत नाही.

नाशिकमध्ये बॉशचा कारखाना आहे, पण तिथला चौक अजूनही जुन्या नावाने मायको सर्कल म्हणूनच ओळखला जातो. त्या कारखान्यात डिझेल इंजेक्शनचे भाग बनत आलेत. थेंब किती आणि कधी, हा बॉशचा प्रश्न आपल्याकडेही रोज सोडवला जातोय.